छंद, कसब आणि प्रेरणा : मेरी डेलेनी यांच्या कागदी फुलांच्या निमित्ताने

आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाने काही वर्षांपूर्वी सणाच्या निमित्ताने शाळेच्या सभागृहात हस्तकलेचे प्रदर्शन भरविले होते. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, शिंपल्यांच्या चौकटी, थर्माकोलचे चर्च, अशा नेहमीच्या वस्तूंच्या रांगेत एका कोपऱ्यात जुन्या लग्नपत्रिकांच्या कागदातून कापलेल्या फुलांचे चार-पाच पुठ्ठे उभे करून ठेवले होते. फुले आपल्या वसईकडचीच : सोनचाफा, जास्वंद, अबोली, तगर. त्यांच्यामागे ज्या मावशी बसल्या होत्या, त्या आयुष्यभर मोगऱ्याच्या वाडीत राबलेल्या. पहाटे उठून कळ्या खुडायच्या आणि पहिल्या गाड्यांपैकी एखादी गाठून टोपली दादरला न्यायची, हा त्यांचा नेम मला ठाऊक होता. परीक्षक या नात्याने मी पुठ्ठ्यांवरून नजर फिरविली आणि आम्हा धर्मगुरूंना सवयीने येते ती प्रेमळ वाणी लावून म्हणालो, ‘‘छान हो मावशी, या वयात वेळ चांगला जातो ना?’’ मावशी हसल्या नाहीत. ‘‘वेळ कुठं आहे जायला, फादर? असता तर ही आणखी नीट झाली असती,’’ एवढेच त्या बोलल्या. बक्षीस अर्थातच थर्माकोलच्या चर्चला गेले.

त्या उत्तराने मला जे टोचले, ते बरेच दिवस निघाले नाही. मी त्या फुलांकडे पाहिलेच नव्हते. मी पाहिले होते ते एका वृद्धेच्या विरंगुळ्याकडे. एखाद्या कवितेबद्दल मी असे बोललो असतो काय? सुमार कवितेतही मी निदान यमक तपासले असते. हाताने केलेल्या वस्तूपुढे मात्र आपली टीकाबुद्धी एकदम सौजन्यमूर्ती होते, आणि सौजन्य हा दुर्लक्षाचाच एक सभ्य प्रकार असू शकतो. प्रस्तुत लेख हे त्या दुर्लक्षाचे थोडेसे परिमार्जन आहे. मावशींच्या फुलांची समीक्षा करण्याची योग्यता माझ्यापाशी तेव्हा नव्हती. ती काही अंशी आली असेल, तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईंच्या फुलांमुळे.

‘छंद’ हा शब्द आपल्या भाषेने मोठ्या गमतीने वापरला आहे. वृत्त, छंद, जाती या त्रयीत तो कवितेचा नियम असतो. ओवी आणि अभंग हे छंदच. तोच शब्द व्यवहारात उतरला की फावल्या वेळचा उद्योग होतो, आणि आणखी खाली घसरला की ‘छंदीफंदी’ माणसाच्या वाट्याला जातो. नियम, नाद आणि नासाडी हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात आहेत. मेरी डेलेनी यांच्या कामाचा विचार करताना मला यांपैकी पहिला अर्थ सर्वांत उपयोगी वाटत आला आहे.

डेलेनीबाईंचा जन्म १७०० सालचा. घराणे सरदारी परंतु हलाखीला आलेले. सतराव्या वर्षी, १७१८ मध्ये, घरच्या मोठ्यांनी त्यांचे लग्न साठीच्या घरातील एका जमीनदाराशी लावून दिले. हा संसार सुखाचा नव्हता. सात वर्षांनी नवरा वारला आणि पंचविशीच्या उंबरठ्यावर त्या विधवा झाल्या. पुढे जवळजवळ अठरा वर्षे एकट्या राहून १७४३ मध्ये त्यांनी स्वतःच्या पसंतीने पॅट्रिक डेलेनी या आयरिश धर्मोपदेशकाशी दुसरा विवाह केला. ते अँग्लिकन पंथाचे आणि पुढे डीन झाले. डब्लिनजवळच्या डेलव्हिल या त्यांच्या घरी बाईंनी बाग फुलविली, भरतकाम केले, शिंपल्यांची नक्षी केली. घरातल्या प्रार्थनामंदिराची सजावटही त्यांच्याच हातची. हे सर्व त्या काळच्या उच्चकुलीन स्त्रियांकडून अपेक्षितच असे. संगीतकार हँडेल त्यांच्या स्नेह्यांपैकी होते आणि जोनाथन स्विफ्टशी त्यांचा पत्रव्यवहार होता. म्हणजे त्यांचे घर म्हणजे काही आडगाव नव्हे. १७६८ मध्ये डीन डेलेनी निवर्तले. त्यानंतर वर्षातील बराच काळ बाई आपली जिवलग मैत्रीण, पोर्टलंडची डचेस, हिच्या बुलस्ट्रोड येथील वाड्यात राहू लागल्या. डचेसला निसर्गेतिहासाचे वेड होते. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले जोसेफ बँक्स आणि डॉ. सोलांडर यांच्यासारखे वनस्पतिज्ञ तिच्याकडे पाहुणे म्हणून येत.

आणि मग १७७२ मध्ये ती सुप्रसिद्ध घटना घडते. डेलेनीबाईंचा पत्रव्यवहार ज्यांनी १८६१-६२ मध्ये सहा खंडांत प्रसिद्ध केला, त्या लेडी लॅनोव्हर (बाईंच्या भाचीची नात) ती अशी सांगतात : टेबलावर जिरेनियमचे फूल होते आणि जवळच लाल कागदाचा एक तुकडा पडला होता. दोहोंचा रंग एकच आहे हे बाईंच्या ध्यानात आले. त्यांनी कात्री घेतली आणि पाकळ्या कापल्या. इतक्यात डचेस आत आली आणि खऱ्या फुलाच्या पाकळ्या समजून, ‘हे जिरेनियमचे काय करतेस?’ असे तिने विचारले. बाईंचे वय त्या वेळी बहात्तर होते. तेथून पुढे दृष्टी पार अधू होईपर्यंत, म्हणजे १७८२ पर्यंत, त्यांनी ९८५ फुले कागदात उतरविली. हजार पुरी करण्याची त्यांची इच्छा होती. ती राहिली.

आता या फुलांविषयी. त्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लेडी लॅनोव्हर यांच्या मृत्युपत्रान्वये तो तेथे आला. उन्हाळी सेवेसाठी मी एका वर्षी इंग्लंडमधील एका धर्मग्रामात गेलो असता, आधी वेळ मागून घेऊन संग्रहालयाच्या अभ्यासिकेत त्यांतील काही पाने मला पाहता आली. पुस्तकातल्या छायाचित्रांवरून जी कल्पना होते, ती तेथे पहिल्या क्षणातच मोडते. छायाचित्रात ते फूल रंगविलेले वाटते. प्रत्यक्षात कागदावर कागद, त्यावर आणखी कागद, असे थर असतात. पाकळीची कड किंचित उचललेली असते आणि तिची स्वतःची बारीक सावली पडते. पाठीमागची भूमी गडद काळी. त्या काळ्यामुळे पांढऱ्या फुलाला जो उजेड येतो, तो पांढऱ्या कागदावर कितीही कौशल्याने रंगविलेल्या फुलाला येत नाही. आपल्याकडे अमावास्येच्या रात्री कुंपणावरची तगर जशी दिसते, तसा.

पद्धत सांगायला सोपी आहे. खरे रोप समोर ठेवायचे, त्याची पाने-पाकळ्या निरखायच्या, आणि त्या-त्या रंगाच्या कागदातून कात्रीने तुकडे कापून चिकटवायचे. एका पानासाठी एकच हिरवा पुरत नाही. शिरेचा हिरवा वेगळा, कडेचा वेगळा, देठाजवळचा पिवळसर. त्यासाठी बाई चिनी कागद मिळवीत. भिंतीला लावायच्या कागदाचा रंग फुटून तो वाया गेला, तर तो फुटलेला रंगच त्यांना हवा असे. काही ठिकाणी त्यांनी जलरंगाचा हात फिरविला आहे, तर क्वचित खरे पानच चिकटविले आहे. चित्राखाली कागदातून कापलेली स्वतःची आद्याक्षरे असतात आणि मागच्या बाजूस वनस्पतीचे लॅटिन नाव, तारीख, स्थळ व रोप कोणी दिले त्याचे नाव. लिनियसची वनस्पतींच्या वर्गीकरणाची पद्धती तेव्हा नवीच होती; ती बाईंनी मन लावून आत्मसात केली होती. म्हणूनच या चित्रांवरून रोपाचे वर्णन करताना चूक होण्याची भीती वाटत नाही, अशा आशयाचे उद्गार बँक्स यांनी काढल्याचे सांगतात. शास्त्रज्ञाच्या तोंडून कागदकामाला मिळालेली ही पावती लहान नाही.

कॅनडास्थित कवयित्री मॉली पीकॉक यांनी डेलेनीबाईंवर ‘द पेपर गार्डन’ हे पुस्तक लिहिले (२०१०). पुस्तक वाचनीय आहे. एकेक फूल घेऊन त्याच्या आधाराने बाईंचे, आणि जोडीने स्वतःचे, आयुष्य उलगडण्याची त्यांची रीत मनोवेधक आहे. तथापि त्यांच्याशी माझा दोन ठिकाणी मतभेद आहे. पहिला असा की, प्रत्येक फुलात त्यांना बाईंच्या आयुष्यातला एकेक प्रसंग दिसतो : येथे पहिल्या लग्नाची घुसमट, तेथे स्त्रीदेहाची जाणीव. असेलही. पण काळजीपूर्वक पाहिलेले फूल हे आधी फूल असते. रूपकाच्या हव्यासाने ते आत्मचरित्राचे पान केले, तर बाईंनी ज्या गोष्टीसाठी डोळे झिजविले तीच निसटते. बायबलचे प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू नेमकी हीच चूक करतो. प्रत्येक अंजिराचे झाड आम्हाला कशाचे तरी प्रतीक वाटते. त्यामुळे हा दोष मला लगेच ओळखता आला.

दुसरा मतभेद अधिक महत्त्वाचा आहे. ‘बहात्तराव्या वर्षी जीवनकार्याला आरंभ’ अशी त्या पुस्तकाच्या उपशीर्षकाची ग्वाही आहे, आणि डेलेनीबाईंची आजची कीर्ती बव्हंशी याच वाक्यावर उभी आहे. हे वाक्य ऐकायला गोड आहे. उतारवयातल्या वाचकाला उभारी देणारेही आहे. पण ते पूर्णपणे खरे नाही. शाळकरी वयातच ही मुलगी कागदातून पाखरे-फुले कापीत असे, आणि तिची एक मैत्रीण ती आपल्या पोशाखाला टाचणीने लावून मिरवीत असे. पुढची पन्नास वर्षे सुई आणि शिंपले त्यांच्या हातातून सुटले नाहीत. सर्वांत बोलका पुरावा १७४० च्या सुमाराचा आहे. राजदरबारी जाण्यासाठी बाईंनी स्वतःच आखणी केलेला एक पोशाख होता. त्यावर काळ्या रेशमी कापडावर रंगीत फुलांचे भरतकाम होते, आणि त्याचे भाग आजही जपलेले आहेत. काळी भूमी आणि तीवर एकेकटे, ओळखू येईल असे फूल! कागदी फुलांच्या तीस वर्षे आधी त्यांची काळी पार्श्वभूमी रेशमावर सिद्ध झालेली होती.

मग त्या दिवशी टेबलावर काय घडले? जिरेनियम आणि लाल कागद यांचा रंग एक आहे हे कुणालाही दिसले असते. घरातल्या मोलकरणीला दिसले असते, डचेसला दिसले असते. दिसल्यावर कात्रीकडे हात जावा, यासाठी मात्र पन्नास वर्षांचे कसब लागले. प्रेरणा आणि कसब यांची आपण जी फारकत करतो (प्रेरणा आकाशातून येते आणि कसब बाजारात शिकता येते अशी) ती येथे टिकत नाही. रंगाचे साम्य दिसणे हाच मुळी कसबाचा भाग होता. ज्यांच्या हातात काही नाही, त्यांना प्रेरणा होत नाही असे मी म्हणणार नाही. पण झाली तरी तिला उतरायला जागा नसते.

सेमिनरीत असताना ‘प्रेरणा’ या विषयावर आम्हाला पुष्कळ व्याख्याने ऐकावी लागली, ती सर्व पवित्र शास्त्राच्या लेखकांना झालेल्या प्रेरणेविषयी. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायाकडे त्या दृष्टीने पाहावे, असे आम्हाला कुणी सुचविले नाही. तेथे देव मोशेला सांगतो की, उरीचा मुलगा बसालेल याला मी माझ्या आत्म्याने भरले आहे. आणि ते कशासाठी, तर सोन्याचे, रुप्याचे, पितळेचे काम करण्यासाठी, रत्ने जडविण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. भविष्य सांगण्यासाठी नव्हे, लढाई जिंकण्यासाठीही नव्हे. चार अध्याय पुढे, ज्या स्त्रियांच्या हातांत कसब होते त्यांनी निवासमंडपासाठी सूत कातून आणल्याचाही उल्लेख आहे. त्यांची नावे दिलेली नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना उद्देशून जे पत्र लिहिले, त्यात प्रत्येक माणूस विशेष अर्थाने कलावंत नसला तरी स्वतःचे जीवन घडविण्याचे काम प्रत्येकावर सोपविलेले आहे, असा विचार मांडला आहे. विचार उदात्त आहे. पण मला प्रामाणिकपणे वाटते की, त्या पत्रात मायकेलअँजेलोला जेवढी जागा मिळाली, त्याच्या एक दशांश जरी त्या सूत कातणाऱ्या बायकांना मिळाली असती, तर आमच्या महिला मंडळात ते पत्र अधिक वाचले गेले असते.

डेलेनीबाईंच्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ९८५ चित्रे सगळी सारख्या तोलाची नाहीत. काही ठिकाणी रोप टाचणीने खोचलेल्या नमुन्यासारखे ताठ उभे आहे. पानांची मांडणी डावी-उजवी अशी हिशेबी. शास्त्राची अचूकता साधताना चित्राचा तोल गेला आहे. शिवाय या छंदामागे डचेसचा वाडा होता, नोकरचाकर होते, साम्राज्याच्या जहाजांतून जगभरची रोपे इंग्लंडच्या काचघरांत येत होती. डचेस वारल्यावर, १७८५ मध्ये, राजा तिसरा जॉर्ज याने बाईंना विंडसरला घर आणि वर्षाला तीनशे पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. अशी फुरसत कितीजणींच्या नशिबी असते? बाईंचा दिवस कामाने भरलेला असे हे त्यांच्या पत्रांवरून दिसते; पण मोरीतली भांडी त्यात नव्हती. हे लक्षात घेतले नाही तर ‘इच्छा असली की वेळ मिळतो’ असा उपदेश या चरित्रातून काढला जातो, आणि तो उपदेश नेमका ज्यांना वेळ नाही त्यांनाच ऐकविला जातो. मीही तो ऐकविलेला आहे.

तरीही हिशेब करून पाहा : सुमारे दहा वर्षांत ९८५, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, अधू होत चाललेल्या दृष्टीने, आठवड्याला जवळजवळ दोन फुले. सुबत्तेने एवढे होत नसते. सुबत्ता असलेल्या इतर शेकडो स्त्रियांनी त्याच काळात जिन्नसांवर शिंपले चिकटविले आणि ते विस्मृतीत गेले. बाईंनी छंदाला वृत्त दिले : एकच भूमी, एकच कात्री, मागे नोंद, पुढे आद्याक्षरे. नियम एवढा आवळून घेतल्यावर मोकळीक केवळ पाहण्यात उरते, आणि तेथे त्यांनी ती पुरेपूर घेतली.

मी पाहिलेल्या पानांपैकी एकाविषयी विशेष लिहायचे आहे. ते पॅसिफ्लोरा लॉरिफोलियाचे, १७७७ सालचे. हे आपल्या कृष्णकमळाच्या जातकुळीतले फूल. आपल्याकडे शेजारच्या हिंदू घरांतील मुले या फुलाची गोष्ट सांगतात : बाहेरच्या शंभर तंतूंचे कौरव, आत पाच पांडव, वर तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्याच फुलात ख्रिस्ताचे दुःखसहन पाहिले. तंतूंचा काटेरी मुकुट, पाच परागकोशांच्या पाच जखमा, तीन कुक्षींचे तीन खिळे. पाकळ्या आणि संदले मिळून दहा. म्हणजे पेत्र आणि यहूदा वगळता उरलेले प्रेषित! लॅटिन नावही त्यावरूनच पडले. एका फुलात दोन समाजांनी आपापले महाकाव्य वाचावे, हे नवल आहेच. परंतु डीनची विधवा असलेल्या डेलेनीबाईंनी यांपैकी काहीही वाचून दाखविलेले नाही. फुलाला भक्तीचे वळण नाही, कसलेही चिन्ह कोपऱ्यात नाही. त्यांनी फक्त मोजले. त्या एका चित्रातील फुलांत दोनशे तीसहून अधिक पाकळ्या आणि तंतू आहेत, प्रत्येक कात्रीने वेगळा कापलेला. काही दोऱ्याइतके बारीक. मी त्या पानापुढे बराच वेळ उभा होतो. मला तेथे खिळे आठवले ते चित्राने सुचविले म्हणून नव्हे. एवढ्या लक्षपूर्वक केलेल्या गोष्टीपुढे उभे राहिले की माणसाला आपापले जे आठवायचे ते आठवते. पीकॉकबाईंना त्यांचे आठवले असेल. मग त्यांच्यावर मी वर केलेली टीका थोडी सौम्य करायला हवी; पण ती मागे घेत नाही.

परत आल्यावर रूथ हेडन यांचे डेलेनीबाईंवरील सचित्र पुस्तक घेऊन मी मावशींच्या घरी गेलो. (हेडन या बाईंच्या बहिणीच्या वंशातील, त्यांचे हे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि घरच्या माणसाने लिहिलेले असूनही ते भाबडे नाही.) मावशींना इंग्रजी येत नाही. ओटीवर मोगऱ्याच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी बसून त्यांनी पाने उलटायला सुरुवात केली. वनस्पतींची नावे, राजा, डचेस यांपैकी कशाचीही त्यांनी चौकशी केली नाही. मी बाईंचे वय सांगितले तेव्हा ‘‘मग माझ्याएवढीच की,’’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या. कृष्णकमळाच्या पानावर थांबल्या. चष्मा काढून पुस्तक नाकाशी नेले, बोटाने तंतूंवरून न टेकता फिरविल्यासारखे केले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘‘फादर, हे ओलं असताना लावलंय का सुकल्यावर? ओल्यावर लावलं तर माझं वळतं.’’

मला सांगता आले नाही. मी त्यांना विचारले, ‘‘मावशी, तुमच्या पुठ्ठ्यांवर मोगरा का नव्हता?’’ रोज हजारो कळ्या हाताखालून जाणाऱ्या बाईने नेमके तेच फूल टाळावे, हे मला प्रदर्शनानंतर बऱ्याच उशिरा जाणवले होते.

‘‘तीनदा केला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पांढऱ्यावर पांढरा, दिसतच नाही. हिनं मागं काळं घातलंय.’’

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि नातवाला हाक मारून, शाळेच्या प्रकल्पाला आणलेला काळा कार्डपेपर उरला आहे का ते बघायला सांगितले. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे.